आईला पुसण्याचा खेळ

खुर्ची लाल होती आणि लहान मुलांच्या मापाची. मुंगीची आई तिच्यावर बसली की तिचे गुडघे हनुवटीशी गप्पा मारायला यायचे. बालवाडीतल्या ताईंनी पहिल्याच दिवशी तिला ती खुर्ची दाखवली होती.

"ही तुमची. इथे, दाराजवळ. आणि राग मानू नका, पण एक सांगते. आमच्याकडे आईनं खुर्चीच व्हायचं."

"म्हणजे?"

"खुर्ची कशी असते? नुसती असते. बोलत नाही, शिकवत नाही, 'अगं ते बघ किती छान' म्हणत नाही. हातात काहीतरी काम घेऊन बसा. मुलीला कळू दे की आई इथेच आहे, पण आई भयंकर कंटाळवाणी आहे. मजा सगळी तिकडे आहे."

त्या बालवाडीची ही पद्धतच होती. नवं मूल आलं की घरातलं एक मोठं माणूस त्याच्यासोबत वर्गात बसायचं. मूल खेळात रमलं की त्याला सांगून, निरोप घेऊन निघायचं. बहुतेक मुलं दोन-चार दिवसांत रमत. मुंगीची आई मात्र दुसरा आठवडा उजाडला तरी त्याच खुर्चीवर होती, आणि तिच्या हातातला लोकरीचा मोजा आता जवळजवळ बापाच्या पायाएवढा झाला होता.

मुंगी हे काही मुलीचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून बाबानं ठेवलेलं. पण नाव मुंगीचं आणि पकड मुंगळ्याची. एकदा आईच्या स्वेटरचं टोक धरलं की ओढून काढावं लागे.

आणि येत्या सोमवारी आईला कामावर हजर व्हायचं होतं.

काम साधं होतं, पण तिच्या जिवाचं होतं. रसायनशास्त्र शिकून ती गावाच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली होती. मुंगी झाली आणि नोकरी सुटली. आता तीच जागा पुन्हा रिकामी झाली होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिच्यासाठी एकदा तारीख पुढे ढकलली होती आणि फोनवर अगदी सभ्यपणे सांगितलं होतं, "सोमवारी आलात तर आनंद आहे. नाही आलात तरी आम्ही समजून घेऊ. पण मग दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल." गावात दुसरी प्रयोगशाळा नव्हती. तिला रात्री झोपेत काचेच्या नळ्यांचा किणकिणाट ऐकू यायचा, आणि उठल्यावर तो स्वयंपाकघरातल्या चमच्यांचा निघायचा.

नणंद फोनवर म्हणाली होती, "वहिनी, इतकी वर्षं घरी बसलीस, आता एवढी काय घाई? पाणी काय पळून चाललंय?"

"पाणी पळतंच, ताई," ती म्हणाली होती. "त्याचं कामच ते." नणंदेला ते उत्तर आवडलं नव्हतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा आणि पहाटेच घराबाहेर पडायचा. तो म्हणायचा, "दिवसभर मी अडकलेल्या लोकांना सोडवतो. घरात माझीच बायको अडकलीय आणि मला काही सुचत नाही." हसून म्हणायचा, पण म्हणताना तिच्याकडे बघायचा नाही.

थंडी त्या वर्षी कडाक्याची होती. अंगणातली झोपाळ्याची साखळी धरली तर हाताला चटका बसावा इतकी. म्हणून ताईंनी थंडीलाच कामाला लावलं होतं. दुपारी घरी जाण्याआधी मुलं उथळ ताटल्यांत पाणी ओतायची, त्यात हवं ते टाकायची, बटण, पान, चमचा, खेळण्यातला उंट, आणि ताटल्या अंगणातल्या बाकावर ठेवून यायची. सकाळी त्या आत आणल्या की पाण्याचे दगड झालेले असत आणि उंट त्यात कैद. मग सगळा वर्ग उंट सोडवायला बसे. कुणी फुंकर मारी, कुणी लाकडी हातोडी चालवी, कुणी मीठ टाकी. ताई काहीच सांगत नसत. त्या फक्त विचारायच्या, "मग आता?"

मुंगीच्या आईला हे सहन करणं जड जात होतं. एकदा तर खुर्चीला राहवलंच नाही.

"मीठ टाकलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो," ती मोजा विणता विणता म्हणाली.

वर्गात एक गोल चेहऱ्याचा मुलगा होता. तो सगळ्यांना हुकूम सोडायचा म्हणून सगळे त्याला मंत्री म्हणत. त्यानं हातोडी खाली ठेवली. "खाली? कुठे खाली?" आणि तो टेबलाखाली वाकून बघू लागला. त्याच्यामागून सगळा वर्ग टेबलाखाली शिरला. मुंगीसुद्धा.

ताईंनी मुंगीच्या आईकडे पाहिलं. "खुर्ची," त्या हळूच म्हणाल्या.

"चुकलं."

पण त्याच प्रसंगानं तिच्या डोक्यात किडा सोडला. मुंगी टेबलाखाली गेली होती, आणि तेवढा वेळ तिनं एकदाही दाराकडे पाहिलं नव्हतं. म्हणजे ती रमते. म्हणजे आई दिसते म्हणून आईची आठवण होते. नाही दिसली तर कदाचित होणारही नाही. असं अनुमान काढल्यावर ते तपासून बघावंसं वाटणं हा तिच्या शिक्षणाचा गुण होता, की दोष, ते तिला नंतरही ठरवता आलं नाही.

बुधवारी मुंगी बर्फातून एक निळं बटण सोडवत बसली होती. जीभ बाहेर, डोळे बटणावर. ताई दुसऱ्या एका मुलाच्या बुटाची गाठ सोडवत होत्या. आईनं मोजा खुर्चीवर ठेवला, कोट उचलला आणि पाय न वाजवता बाहेर पडली. फक्त कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. तिला कळणारही नाही. आणि कळलं नाही तर सिद्धच झालं.

कोपऱ्यावर जाऊन ती परत आली तेव्हा वर्गात रडारड नव्हती. ती असती तर बरं झालं असतं. मुंगी ताईंच्या मांडीवर बसली होती, अंगात कोट घातलेला, बटणं वरपासून खालपर्यंत चुकीची लावलेली, तोंड दाराकडे. ती रडत नव्हती, बोलत नव्हती. आईनं जवळ घेतलं तेव्हा तिनं आधी आईच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग गळ्याला विळखा घातला, आणि त्या दिवशी तो सोडलाच नाही. बटण बर्फातच राहिलं.

त्यानंतर पकड दुप्पट झाली. घरी आई न्हाणीघरात गेली तरी दाराच्या फटीतून चार बोटं आत.

गुरुवारी मुलं खाऊ खात असताना ताई तिच्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. मुंगी आईच्या मांडीवरच होती, त्यामुळे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, जसं काही हवापाण्याबद्दलच बोलताहेत.

"तुम्ही गेलात याचं तिला काही नाही."

"काही नाही कसं? बघताय ना."

"जाणं मुलांना समजतं. आजोबा जातात, दिवस जातो, बाबा रोज जातात. तुम्ही न सांगता जाऊ शकता, हे तिला कालपर्यंत माहीत नव्हतं. आता माहीत झालं. आता ती बिचारी पहाऱ्यावर आहे. पहारेकरी खेळेल कधी?"

आईला वाटलं, ताई ओरडल्या असत्या तर बरं. "मला वाटलं, करून बघावं," ती म्हणाली. "प्रयोग म्हणून."

"प्रयोग करायला काहीच हरकत नाही हो," ताई हसल्या. "पण ज्याच्यावर करायचा त्याच्याच हातात द्यावा. आम्ही इथे दुसरं करतो काय?"

"आता सोमवारचं काय करू?"

ताईंनी खोटा धीर दिला नाही. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या या. खुर्ची आहेच."

शुक्रवारी सकाळी ती आली ती मनातल्या मनात साहेबांना करायचा फोन जुळवत. वाक्य तयार होतं, फक्त ते तोंडातून निघायचं होतं. वर्गात शिरल्यावर ताई म्हणाल्या, "मुंगीची आई, आज ताटल्या तुम्ही आणाल का? अंगणातून. पण मुंगीला सांगून."

आई मुंगीसमोर बसली. "मी अंगणात जातेय. त्या बाकावरच्या ताटल्या आणायला. या खिडकीतून मी दिसेन. ताटल्या घेऊन आत येईन."

"नको."

"मी जातेय, मुंगे. आणि येणार आहे."

तिनं स्वेटरवरची बोटं एकेक करून सोडवली. मुंगीनं आता मात्र गळा काढला, अगदी पत्रा फाटेल असा. आई दारातून बाहेर पडली तेव्हा तिला वाटलं, पाय बर्फात रुतून बसलेत. तरी ती गेली.

वर्गाच्या खिडक्या जमिनीपासून हातभर उंचीवर सुरू होत, मुलांना बाहेरचं दिसावं म्हणून. मुंगी धावत जाऊन खिडकीला चिकटली. नाक चपटं, दोन्ही तळवे काचेवर, तोंड उघडं. आतून रडण्याचा आवाज बारीक येत होता, जणू दूरच्या घरात कुणीतरी रडतंय. आई बाकापाशी उभी राहून तिला दिसेल असा हात हलवत होती.

आणि मग मुंगी तिला दिसेनाशी झाली.

रडताना तोंडातून निघालेली ऊब गार काचेवर बसली आणि काच पांढरी झाली. आईच्या बाजूनं पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी धुक्याचा एक गोळा, त्याच्या खाली कोट आणि दोन तळवे. रडणं अर्ध्यात थांबलं. बहुधा तिलाही आई दिसेनाशी झाली होती.

तिनं ताटल्या टाकून आत धावायला पाऊल उचललं. तेवढ्यात काचेपलीकडे, वर्गात, तिला ताई दिसल्या. त्या रोज सकाळी फडक्यानं काचा पुसत, आजही फडकं त्यांच्या हातात होतं. त्या मुंगीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या, काचेकडे हात नेला, आणि हात तिथेच थांबवला. मग फडकं पाठीमागे लपवलं, चोरानं लपवावं तसं. आईकडे बघून त्यांनी मान किंचित हलवली. थांबा.

आई थांबली.

खिडकीखाली खोली तापवायचं यंत्र होतं. त्याच्या उबेनं धुकं कडेनं विरायला लागलं. आधी मुंगीचं कपाळ आलं, मग एक डोळा. तो डोळा आईला शोधत होता. आई होती. धुकं आणखी आक्रसलं, दुसरा डोळा आला, नाक आलं. मुंगी आईकडे टक लावून बघत राहिली. गालावर पाणी तसंच होतं.

मग तिनं तोंड उघडलं. आई कानांवर हात ठेवायच्या बेतात होती, पण आवाज आला नाही. मुंगीनं मुद्दाम, गाल फुगवून, काचेवर लांब श्वास सोडला.

आई गेली.

मुंगीनं बाहीनं काच पुसली. आई आली.

पुन्हा श्वास. पुन्हा बाही. आई गेली, आली. तिसऱ्यांदा मुंगीनं बाही उचलली आणि खाली घेतली. पुसलं नाही. हात पाठीमागे बांधून उभी राहिली, बाबा लिफ्टच्या दारासमोर उभा राहतो तशी. धुक्याच्या कडा हळूहळू आत सरकल्या आणि आई आपोआप, कुणी काही न करता, परत आली.

बाहेर थंडीनं आईचे कान दुखत होते, पण ती हलली नाही. तिला कळत होतं की समोर काय चाललंय. इतकी नीट प्रयोगपद्धत तिनं विद्यापीठातही फार थोड्यांकडे पाहिली होती. आधी अपघातानं काहीतरी घडलं. मग ते मुद्दाम घडवून पाहिलं. मग एकच गोष्ट बदलली, पुसायचं सोडून दिलं, आणि काय होतं ते पाहिलं. बुधवारी आईनं केलेला प्रयोग आणि हा प्रयोग एकाच प्रश्नाचा होता. फरक इतकाच की त्यात मुंगीला आईचं नाहीसं होणं सोसावं लागलं होतं, आणि यात नाहीसं करणं तिच्या श्वासात होतं.

आता मुंगीनं मोठा गोल केला. दम लागेपर्यंत श्वास सोडला, आई जास्त वेळ गेली. आली तेव्हा मुंगी हसत होती. आईला ते हसू फक्त दिसलं, ऐकू आलं नाही.

तेवढ्यात मंत्री आला. त्याच्या कारभारात त्याला न विचारता काही चालू असणं त्याला खपत नसे.

"काय करतेयस?" त्याच्या ओठांवरून आईनं ओळखलं.

मुंगीनं काहीतरी सांगितलं. मंत्र्यानं आईकडे पाहिलं, मग शेजारच्या काचेवर तोंड नेलं आणि त्याच्या बाजूनं आई पुसून टाकली. मग आणखी दोघं आली. एकेका काचेवर धुक्याचे गोळे उठले. कुणी त्यात बोटानं रेघ ओढली, कुणी डोळे काढले. मुंगीनं आपल्या धुक्यात तळवा उमटवला आणि मंत्र्याला दाखवला. त्यानं आपला उमटवला. दोघं तळवे मापत बसले. कुणाचा मोठा, यावरून बहुधा भांडण जुंपलं, कारण दोन्ही डोकी जवळ आली आणि जोरजोरात हलू लागली.

धुकं विरलं. काच स्वच्छ झाली. आई समोर उभी होती, हात वर करून.

तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. पाठीमागे बाकावर ताटल्या, नाकाचा शेंडा बधिर, बोटं बधिर, आणि पोटची पोर तिला साफ विसरलेली. तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मनात जुळवून आणलेलं फोनवरचं वाक्य कुठे गेलं, ते तिला आठवेना.

ताटल्या घेऊन ती आत आली तेव्हा मुंगीनं मान वळवून पाहिलं. "आलीस?" एवढंच. आणि पुन्हा मंत्र्याकडे वळून, "माझाच मोठाय. तू बोटं ताणतोस."

आईनं ताटल्या टेबलावर ठेवल्या आणि ताईंकडे गेली. जे म्हणायचं होतं ते एखाद्या शब्दात मावणारं नव्हतं, आणि डोळे तर आधीच भरले होते.

"ताई, तुम्ही..."

"मी काय केलं? मी तर आज काचासुद्धा पुसल्या नाहीत."

"तेच म्हणतेय मी."

ताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हातातलं फडकं तिच्या हातात दिलं. "आधी डोळे पुसा. काचा राहू देत."

सोमवारी त्या दोघी लवकर निघाल्या. आईच्या खांद्यावर कामाची पिशवी होती, आणि वाटेत तिनं सगळं खरं सांगितलं: मी आज आत बसणार नाही. मी कामावर जाणार. तुमचं खाणं झालं, झोप झाली, की मी येणार. मुंगी ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. तिचं लक्ष पायाखालच्या कुरकुरणाऱ्या बर्फाकडे होतं. दाराशी मात्र तिनं स्वेटरचं टोक पकडलं.

"असं नाही," मुंगी म्हणाली. "तू बाहेर उभी राहा. तिथे. मी पुसते तुला. मग जा."

"मग?"

"मग ये."

आई अंगणात जाऊन उभी राहिली. ती एकटी नव्हती. तिच्या शेजारी मंत्र्याचे वडील उभे होते, चांगले धिप्पाड गृहस्थ, हातात कामाची पेटी. त्यांच्या पलीकडे कुणाची तरी आजी, आणि एक काका घड्याळाकडे बघत पाय आपटत होते.

"हे काय नवीन?" मंत्र्याचे वडील हळूच म्हणाले. "शनिवारपासून घरातल्या खिडक्यांवर हेच चाललंय. आज म्हणतो, पुसल्याशिवाय जायचं नाही. तुम्हाला काही माहितेय का?"

"थोडंसं," मुंगीची आई म्हणाली.

"हलू नका असं सांगितलंय मला. हललो तर नीट पुसला जात नाही म्हणे."

काचेमागे तोंडं रांगेत आली. एकेक करून काचा पांढऱ्या झाल्या. धिप्पाड गृहस्थ पुसले गेले, आजी पुसली गेली. मुंगीनं गाल फुगवले, आईकडे एकदा नीट पाहिलं, आणि भरपूर लांब श्वास सोडला.

आई वळली. फाटकाशी पोचेपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. तिथे मात्र राहवलं नाही. काचांवर अजून धुकं होतं, एक शेवटची काच सोडून. त्या काचेमागे ताई उभ्या होत्या. मुंगीच्या आईनं हात छातीशी नेला. ओठ हलवून काही म्हणावं असं तिला वाटलं. ताईंनी मनगटावर बोट आपटून दाखवलं, उशीर होतोय, पळा. आणि मग, बहुधा मुलांचं बघून, त्यांनीही काचेजवळ तोंड नेलं आणि एक मोठा श्वास सोडला.

ती हसत हसत रस्त्याला लागली.